तंबोऱ्यावरून स्पीकर शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव-पत्ता त्यात येऊ नये ही तुमची अट पाळली आहे. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते एका वर्गाच्या चार भिंतींत राहू नये असं मनापासून वाटतं. किट मागवून घरी स्पीकर बांधायला निघालेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल, आणि तो माणूस गाणारा असेल तर जास्तच.

तुमच्याकडे आले तेव्हा मला एवढंच कळत होतं की वर्गातला स्पीकर अर्धंच गाणं ऐकवतो. आमच्याकडे बहुतेक मुली काळी चार पट्टीत गातात, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्या पट्टीत तंबोऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यांत खालचा सा, साधारण १०४ हर्ट्झचा. फोनला जोडायच्या छोट्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि वरची झिणझिण तेवढी उरायची. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं लावली की डग्ग्याचा घुमारा मुलींना तोंडी सांगावा लागे, कारण तो ऐकूच येत नसे. तयार मिळणारे चांगले स्पीकर माझ्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून खालचे सूर वाजवणारा वूफर, वरचे वाजवणारा ट्वीटर, दोघांत सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे सुटे भाग आणि नकाशाचं पत्रक असा संच मागवला आणि तो तसाच उचलून तुमच्या दारात आले. तुमची उभी नोकरी रेडिओच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणात गेली, हे आपल्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही संच उघडलाच नाहीत. विचारलंत, "तुझा तंबोरा कुठला?" मिरजेचा म्हटल्यावर म्हणालात, "मग तो घेऊन ये, त्याच्यावरच शिकवतो." आणि खरोखर पुढचं सगळं त्या तंबोऱ्यावरून समजावलंत. गाणाऱ्या बाईला शास्त्र सांगायचं म्हणून जाणकार माणसं बरेचदा आकडे गाळून टाकतात. तुम्ही एकही गाळला नाहीत. प्रत्येक आकडा माझ्या ओळखीच्या सुरापाशी आणून ठेवलात. माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

पहिला धडा खोक्याचा. तंबोऱ्याच्या भोपळ्यानं बोललंच पाहिजे, स्पीकरच्या खोक्यानं मात्र एक शब्द काढायचा नाही, असं तुम्ही म्हणालात आणि भोपळ्यावर हात ठेवून मला तार छेडायला लावलीत. तळहाताला जो थरार जाणवतो तो खोक्यात आला, तर प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एकच रंग चढतो. म्हणून १८ मिमी जाडीचा मरीन प्लाय, आत मधोमध एक आडवी चौकट, सगळे सांधे गोंद भरून क्लॅम्पखाली रात्रभर. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय घेताना तुम्ही प्रत्येक तुकडा बोटाच्या पेराने वाजवून पाहत होतात, ते दुकानदारसुद्धा कौतुकाने बघत राहिला. खोक्यात भरायला पॉलिएस्टरची भरण आपल्या कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडून आणलीत. ती सैलसर पसरायची, ठासायची नाही, हेही तिथेच शिकले.

सुतारदादांनी प्रेमाने सुचवलं होतं की पुढची फळी जरा रुंद घेऊ, दिसायला भारदस्त वाटेल. पत्रकात रुंदी २१ सेंमी होती. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात आणि त्यांनाही बसवून कारण सांगितलंत. वरच्या सुरांच्या लहरींची लांबी कमी असते, त्यांना पुढची फळी सरळ ऐकणाऱ्याकडे लोटते. खालच्या सुरांच्या लहरी लांब, त्या फळीला वळसा घालून मागेही पसरतात. २१ सेंमी रुंदीला हा बदल साधारण साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास होतो आणि त्याखाली पुढे येणारा आवाज हळूहळू कमी होत जातो, मोकळ्या जागेत तब्बल ६ डेसिबलपर्यंत. किट आखणाऱ्याने क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. फळी रुंद केली की तो हिशेब मोडतो. "पत्रकातली लांबी-रुंदी ही सजावट नाही, तो क्रॉसओव्हरचाच भाग आहे," हे तुमचं वाक्य सुतारदादा आता त्यांच्या इतर गिऱ्हाइकांनाही ऐकवतात.

आणि मग तुम्ही मला तंबोऱ्याचा खरज छेडायला सांगून विचारलंत, "गांधार ऐकू येतोय?" येणारच. तो स्वयंभू गांधार, खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा, त्याच्यासाठी तर आम्ही कान लावून बसतो. खरजाच्या पाचपट, म्हणजे काळी चारला साधारण ५१९ हर्ट्झ. आवाज मागे वळायला लागतो त्या टापूतच तो येतो. भरपाई कमी पडली तर गांधाराचा पायाच पातळ होणार, जास्त झाली तर तो खरजात बुडणार. त्या क्षणी ते अवघड वाटणारं प्रकरण मला गळ्याइतकं जवळचं झालं.

खोक्याच्या आकाराचा हिशेबही तुम्ही असाच उलगडलात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीले यांनी १९६१ साली भोक असलेल्या खोक्यांवर निबंध लिहिला. त्याची जगभर दखल घेतली गेली ती दहा वर्षांनी, १९७१ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात तो पुन्हा छापल्यावर. पुढे सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी ते काम वाढवलं. वूफरच्या कागदावरचे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात आणि त्यावरूनच खोकं किती लिटरचं हवं ते ठरतं. त्याआधी बराचसा कारभार अंदाजाने चाले, हे सांगताना तुमच्या आवाजात जो आदर होता तो मला एखाद्या घराण्याच्या बुजुर्गाबद्दल बोलताना ऐकू येतो तसा होता. आमच्या किटला २० लिटर, आणि खोक्याच्या भोकात ५ सेंमी व्यासाची, ११ सेंमी लांबीची नळी. त्यातून ४५ हर्ट्झच्या आसपासचा सूर लागतो. खरज १०४ वर असताना इतकं खाली कशाला जायचं, असं मी विचारलं. तर म्हणालात, पुरुषांच्या काळी एकचा खरज ६९ वर येतो, आणि डग्ग्यावर हाताचा तळवा सरकतो तेव्हा सूर कुठे जातो ते तूच बघ. खाली मोकळी जागा असली की त्या सगळ्याला दम लागत नाही.

आता क्रॉसओव्हर. याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचं आहे, कारण स्पीकर तिथेच घडतो किंवा बिघडतो, असं मी आता ठामपणे मानते. वूफर आणि ट्वीटर कितीही उंची असोत, एका टापूत दोघांना तोच सूर एकत्र म्हणावा लागतो. आमच्या किटमध्ये तो टापू २२०० हर्ट्झचा. माणसाच्या कानाला जिथे सगळ्यांत बारीक ऐकू येतं त्याच्या अगदी उंबरठ्यावर.

तुम्ही परत तंबोऱ्याकडे वळलात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कोलकात्यात तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, लिहिलं होतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. तार जिथे छेडावी त्या जागेनुसार काही स्वयंभू सूर निघूच नयेत, असा जुना नियम होता. रामन यांनी दाखवलं की वक्र घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला धागा यांमुळे तंबोरा तो नियम पाळत नाही, सगळेच सूर जोरकस निघतात. आमची जवारी ती हीच. काळी चारच्या खरजाचा एकविसावा स्वयंभू सूर, म्हणजे खरजाच्या एकवीसपट, २१८० हर्ट्झला येतो, म्हणजे बरोबर वूफर-ट्वीटरच्या सांध्यावर. एकच तार, तिचा खालचा भाग वूफर गाणार, वरचा ट्वीटर. सांधा नीट नसेल तर जवारी दोन तुकड्यांत ऐकू येणार. "बाजारातल्या कुठल्याही चाचणी-तबकडीपेक्षा तुझा तंबोरा कडक परीक्षक आहे," असं तुम्ही म्हणालात.

कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवायला लावल्यात, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. ट्वीटरच्या वाटेवर पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर. सगळं डाग देऊन झालं आणि तुम्ही मुद्दाम ट्वीटरच्या दोन्ही तारा उलट जोडायला सांगितलंत. मला काही कळेना. मग सांगितलंत की अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली जो सांधा मांडला, ज्यात सहकारी रस रायली यांचंही नाव जोडलं जातं, त्यात सांध्यापाशी वूफर आणि ट्वीटर दोन्ही ६ डेसिबलने उतरलेले आणि एका पावलावर असतात. सरळ जोडले तर बेरीज पूर्ण. एकाची तार उलटी केली तर ते एकमेकांना पुसून टाकतात.

माइकसमोर ते पाहिलं तेव्हा मी अवाक झाले. २२०० च्या जागी २५ डेसिबलहून खोल खड्डा पडला होता. मग उलट्या तारांवरच माझ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलंत. खरज होता, वरची किनार होती, मधली जवारी कुणी खरवडून काढल्यासारखी. तारा सरळ केल्यावर ती पूर्ण परत आली. खड्डा जितका खोल तितका सरळ जोडणीतला सांधा पक्का, ही परीक्षा कुठलाही महागडा भाग न घेता करता येते, आणि किट बांधणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं मला वाटतं.

मोजमापासाठी आपण गच्चीवर गेलो, पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. स्पीकर दीड मीटर उंचीवर, माइक त्याच उंचीला एक मीटरवर. फरशीवरून परतणारा आवाज सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्या आतलाच तुकडा घ्यायचा, म्हणजे जागेचा परिणाम वगळून निव्वळ स्पीकर दिसतो. २०० हर्ट्झच्या खाली ही पद्धत भरवशाची राहत नाही, हेही लगेच सांगितलंत. आवाज मोजायचं संगणकावरचं आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, खर्च काय तो माइकचा, आणि तोही तुम्ही तुमचाच दिलात.

पण तुमची सगळ्यांत सुंदर सूचना त्यानंतरची. किटच्या पत्रकात कान सोफ्यावरच्या माणसाच्या उंचीला धरले होते. माझ्या मुली सतरंजीवर बसतात. त्यांचे कान जमिनीपासून जेमतेम ७५ सेंमीवर. वूफर आणि ट्वीटरच्या मध्यांत १४ सेंमीचं अंतर आहे, त्यामुळे फार वरून किंवा फार खालून ऐकलं की दोघांचे सूर वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि तो सगळा सांधा ढळतो. म्हणून स्टूल ४५ सेंमीचंच केलं. पत्रक लिहिणाऱ्याला हे सुचण्याचं कारण नव्हतं. तुम्ही वर्गात येऊन मुलींमध्ये मांडी घालून बसलात म्हणून ते दिसलं.

वर्गाची फरशी शहाबादी, भिंती उघड्या, त्यामुळे वरचे सूर जरा टोचत होते. ट्वीटरच्या वाटेवरचा २.२ ओहमचा रेझिस्टर काढून तुम्ही ३.३ चा बसवलात, साधारण १ डेसिबलचा फरक. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंमी पुढे ओढले. बाकी काही केलं नाही, आणि गरजही पडली नाही.

आता वर्गात ध्वनिमुद्रण लागलं की मुली आधी तंबोरा ऐकतात, मग गाणं. मागच्या महिन्यात एका लहान मुलीने आपणहून विचारलं, "ताई, या तंबोऱ्यात गांधार जरा कमी बोलतोय का?" ते ध्वनिमुद्रण मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. तिचं बरोबर होतं. हे ऐकण्याचं दान तुम्ही तिला दिलंत, काका, म्हणून मला ते असं उघडपणे लिहावंसं वाटलं.

साताऱ्याच्या माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी हेच किट मागवलं आहे. फळी अरुंद करू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुमच्याच शब्दांत नाही म्हटलं. खोकी तयार आहेत, पुढच्या महिन्यात क्रॉसओव्हर जोडायचा आहे. तारा उलट्या करून खड्डा दाखवायला त्यांना तुम्ही हवे आहात. रविवारी माइक परत द्यायला येते तेव्हा तारीख ठरवू. जायची-यायची गाडी माझ्याकडे लागली.

कळावे, लोभ असावा.

आपली,
समोरच्या इमारतीतली गाण्याची ताई