अपरिचित उताऱ्यांचा सराव हवा

महोदय,

चीनमध्ये उच्च माध्यमिक शिक्षणानंतर होणाऱ्या ‘गाओकाओ’च्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीच्या १५० पैकी ५० गुण वाचन-आकलनाला असतात, त्यातल्या एका उताऱ्यातील पाच गाळलेली वाक्ये सात पर्यायांतून निवडून बसवायची असतात, त्यामुळे तिथे घोकंपट्टी उपयोगी पडत नाही. माझी बारावीतली मुलगी मात्र गाइडमधील उत्तरेच पाठ करते. परवा सांगलीतील हळदीच्या सौद्यांवरचा इंग्रजी मजकूर तिच्यापुढे ठेवला, तेव्हा ‘ऑक्शन’ या शब्दावर बोट ठेवून ती थांबली. पुढच्याच वाक्यात अर्थ उलगडत होता, पण ती तिथवर गेलीच नाही. तिला दोष कसा द्यावा? महाविद्यालयांनी आठवड्यातून निदान एक तास अपरिचित उताऱ्यांसाठी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, विश्रामबाग, सांगली