राजीनामा लिहून देऊ नकोस

रामबाग, इंदूर
6 ऑक्टोबर

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बाबांशी बोलताना तू म्हणालास की ठेकेदाराच्या माणसानं सोमवारी बोलावलंय. "दो लाइन का इस्तीफा लिख दो, हिसाब उसी दिन कर देंगे," असं तो म्हणाला. सुहास, तो राजीनामा लिहून देऊ नकोस. फोनवर तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि दुसराच विषय काढतोस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. दीपालीलाही वाचायला दे.

माझी सगळी नोकरी सांवेर रोडच्या कारखान्यात हजेरी, पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयच्या चलनांत गेली, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याची, वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायची असते. ती भरताना ज्या कामगाराचे त्या महिन्यात शून्य दिवस भरलेत, त्याच्या नावापुढं कारणाचा एक आकडा टाकावा लागतो. 2 म्हणजे नोकरी सोडली. 10 म्हणजे छंटनी, म्हणजे मालकानंच कामावरून कमी केलं. आकडा टाकायला क्षणभरही लागत नाही, आणि टाकणारा मुलगा पुष्कळदा सवयीनं सगळ्यांपुढं 2 टाकून मोकळा होतो. पण पुढं कामगार हक्काचे पैसे मागायला जातो तेव्हा कार्यालयातला बाबू आधी तेच बघतो: हा स्वतः गेला की याला काढलं? तू राजीनामा दिलास तर उत्तर तूच सही करून दिलेलं असेल.

तुला काढलं आहे. काम कमी झालं म्हणून तुमच्या लाइनवरची मुलं एकदम कमी केली. तेच कागदावर यायला हवं. सोमवारी शांतपणे सांग, "मी सोडत नाहीये, तुम्ही काढताय, तसं पत्र द्या." आवाज चढवू नकोस, भांडू नकोस. पत्र नाही दिलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं त्यांना एक साधं पत्र पाठव: अमुक तारखेपासून काम नाही म्हणून मला कामावर घेतलं नाही, मी राजीनामा दिलेला नाही. पोस्टाची पावती जपून ठेव. कोऱ्या कागदावर सही तर कुणी कितीही गोड बोललं तरी करायची नाही.

एवढं का सांगते, तर या एका गोष्टीवर किती पैसे अवलंबून आहेत ते बघ. ईएसआयमध्ये बेकारीच्या काळासाठी दोन योजना आहेत. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, जुलै 2018 मध्ये सुरू झालेली. तिच्यात आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे मिळतात. सुरुवातीला दर पगाराच्या चौथ्या हिश्शाचा होता आणि तीन महिने वाट बघावी लागे. 2020 मध्ये कोविडच्या वेळी दर वाढवून निम्म्या पगाराइतका केला आणि अर्ज 30 दिवसांनंतर करता येऊ लागला. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालत आली आहे, म्हणून अर्जाआधी चालू मुदत विचारून घे.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडला किंवा छंटनी झाली तर तिच्यात पहिले 12 महिने निम्मा पगार आणि पुढचे 12 महिने पाव पगार मिळतो. एकीकडे तीन महिने, दुसरीकडे दोन वर्षं. या दुसऱ्या योजनेला छंटनीचा कागद लागतो. तुझ्याबरोबरच्या मुलांना हे कुणी सांगितलं नसेल. तू सांग.

आता अटल योजनेचा हिशेब करून दाखवते, म्हणजे मनात भलते आकडे राहणार नाहीत. तुझा पगार 18,000. मागच्या दोन वर्षांचा एकूण पगार घेऊन त्याला 730 नं भागायचं. रोजचे साधारण 592 रुपये येतात, त्याचे निम्मे 296. 90 दिवसांचे सुमारे 26,600. तीन महिन्यांचं घरभाडं, किराणा आणि गाडीचा हप्ता निघेल, त्यापलीकडं फारसं काही नाही. शिवाय पैसे पुढच्या दिवसांचे आगाऊ मिळत नाहीत, होऊन गेलेल्या दिवसांचेच मिळतात. म्हणजे अर्ज करण्याआधीचा महिना आणि अर्ज तपासला जाईपर्यंतचा काळ आपल्याला आपल्या शिलकीवर काढायचा आहे. दिवाळी तोंडावर आहे, तरी या वर्षी कपडे, फटाके काही नकोत. बाबा आणि मी तुझ्या खात्यात थोडे टाकतोय, ते नको म्हणू नकोस.

बाबांना तू म्हणालास, "सरकारकडे हात पसरायचे का?" ते मला फार लागलं, म्हणून त्याबद्दल लिहिते. तुझ्या पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के कापले जातात, म्हणजे 135 रुपये. ठेकेदार 3.25 टक्के भरतो, म्हणजे 585. दर महिन्याला 720 रुपये तुझ्या नावानं जमा होतात. आयुर्विम्याचा हप्ता भरणाऱ्याला विम्याची रक्कम घ्यायला कधी लाज वाटते का? आणि आपण इंदूरची माणसं आहोत, रे. हुकुमचंद मिल बंद पडल्यावर तिचे कामगार आपल्या देण्यांसाठी तीस वर्षांहून जास्त काळ लढले. 25 डिसेंबर 2023 ला 224 कोटींचा धनादेश निघाला, तोपर्यंत कितीतरी जण वारले होते. या शहरात त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही. त्यांच्या चिकाटीकडं बघून मी तरी मान झुकवते.

आता एक काळजीची गोष्ट. मागं तू इथं ठेवून गेलास त्या फायलीतून तुझ्या पगाराच्या स्लिपा काढून मी जमिनीवर ओळीनं मांडल्या. जुन्या ठेकेदाराच्या स्लिपेवरचा दहा आकडी विमा क्रमांक आणि नव्याच्या स्लिपेवरचा क्रमांक वेगळे आहेत! मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ठेकेदार बदलला तेव्हा नव्या ठेकेदारानं तुझा जुना क्रमांक न विचारता नवाच काढला. ईएसआयचा क्रमांक जन्मभर एकच असायला हवा. अटल योजनेचे पैसे मिळायला किमान दोन वर्षांची विमा असलेली नोकरी लागते. शिवाय शेवटच्या सहामाही वर्गणी-काळात, म्हणजे तुझ्या बाबतीत एप्रिल ते सप्टेंबर, निदान 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन वर्गणी-काळांपैकी एकात तेवढेच. दिवसांची अट तू पूर्ण करतोस. पण नव्या क्रमांकावर बघितलं तर तुझी नोकरी दीडच वर्षाची दिसते. साडेतीन वर्षं उन्हापावसात पीथमपूरला राबून कागदावर दीड वर्ष!

म्हणून अर्जाच्या आधी हे काम कर. शाखा कार्यालयात दोन्ही क्रमांक लिहून, दोन्हीकडच्या स्लिपा जोडून, ते एकत्र करून देण्याचा अर्ज दे. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागू शकतो, त्यामुळं 30 दिवस सरायची वाट बघत बसू नकोस. त्याच वेळी नावही बघ. आधारवर "सुहास" आहे, नव्या स्लिपेवर कुणीतरी "सुहाश" टाइप केलंय. आधार, बँकेचं पासबुक आणि ईएसआय, तिन्हीकडं नाव, जन्मतारीख आणि बाबांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आपल्या मराठी नावांची इकडच्या हिंदी फॉर्मांत फार ओढाताण होते. कुणी बाबांचं नाव मधे घालतं, कुणी गाळतं. बहुतेक अर्ज अडकतात ते इथंच.

अर्ज ईएसआयच्या पोर्टलवर स्वतः भरायचा. विमा क्रमांकानं लॉगिन करून बँकेचा तपशील, आयएफएससी, आधार टाकायचं. मग छापील प्रत, सही, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि मागितलं तर स्टॅम्प पेपरवरचं शपथपत्र, हे सगळं शाखा कार्यालयात द्यायचं. तुझं शाखा कार्यालय कुठलं ते पोर्टलवर दिसेल. काही अडलंच तर मध्य प्रदेशचं प्रादेशिक कार्यालय आपल्या नंदानगरलाच आहे, मी बरोबर येईन. अर्जाला फी नाही. फाटकाबाहेर "हम करवा देंगे" म्हणणारे भेटतील, फोनवर ओटीपी मागणारेही भेटतील. दोघांनाही काही द्यायचं नाही.

पहिल्यांदा जाशील तेव्हा बहुधा परत पाठवतील. एखादा कागद कमी निघेल, किंवा ठेकेदारानं तुझी शेवटची तारीख अजून टाकलेली नसेल. ते मनाला लावून घेऊ नकोस. समोरच्या माणसाला विचार, नेमकं काय कमी आहे, आणि तिथंच त्याच्यासमोर लिहून घे. जो कागद देशील त्याच्या आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ठेकेदार दाद देत नसेल तर कंपनीच्या पर्सोनेल विभागाला लेखी कळव. ठेकेदाराच्या कामगारांची ईएसआयची वर्गणी भरली जाते की नाही ही कायद्यानं मूळ कंपनीचीही जबाबदारी आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

मधल्या काळात कुठं काम लागलं तर ते लपवायचं नाही. त्या तारखेपर्यंतचे पैसे हक्कानं घे, पुढचे सोड. खोटं लिहिल्याचं उघड झालं तर कायद्यानं शिक्षा आहे. आणि पैशासाठी चांगलं काम मात्र नाकारू नकोस, बाळा.

दीपालीला सांग, दवाखान्याची चिंता करू नकोस. फेब्रुवारीतल्या बाळंतपणाचं तिच्या मनात आहे, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरतात, आणि आत्ता डिसेंबरपर्यंत मागच्या ऑक्टोबर ते मार्चची चालते. तुझे दिवस पूर्ण भरलेत, त्यामुळं नियमाप्रमाणं जूनअखेर उपचार मिळायला हवेत. तरी अर्ज द्यायला जाशील तेव्हा तिचं नाव कुटुंबात नोंदलेलं आहे ना, एवढं बघून ये. लग्नानंतर तू ते घातलंस की नाही, मला आठवत नाही.

हिशेबाच्या वेळी आणखी दोन गोष्टी माग. मागच्या आर्थिक वर्षाचा बोनस. वर्षात 30 दिवस काम केलेल्यालाही तो लागू होतो, आणि नोकरी गेली म्हणून तो बुडत नाही. 30 नोव्हेंबरच्या आत तो द्यायचा असतो. आणि छंटनीची भरपाई: सलग वर्षभर काम झालेल्याला दर पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा पगार, आणि महिन्याची नोटीस नाहीतर तिच्याबदली पगार. राजीनाम्यानं ही भरपाईसुद्धा जाते, म्हणून तर त्यांना तो इतक्या घाईनं हवाय.

पीएफला आत्ता हात लावू नकोस. फक्त नोकरी संपल्याची तारीख तिथं पडली आहे का ते बघत राहा. ठेकेदारानं नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आधारच्या ओटीपीवर तुला स्वतःला टाकता येते.

तुझ्या वयाच्या मुलानं नोकरी जाताच तोंड लपवून खोलीत बसावं, असं तुझ्यात काही कमी नाही. तू मन लावून काम केलंस, रात्रपाळ्या केल्यास, एकदाही कुणाची तक्रार आली नाही. नवं काम शोधणं आणि हे पैसे मागणं, दोन्ही एकाच वेळी चालू दे. सकाळी कागदांचं काम, दुपारी कंपन्यांची फाटकं. पीथमपूर सोडून देवासलाही चौकशी कर.

सोमवारी एकटा जाऊ नकोस, लाइनवरचे दोघं-तिघं बरोबर जा आणि सगळ्यांनी एकच सांगा. तिथून निघालास की लगेच मला फोन कर, मी वाट बघते आहे. शनिवारी इकडं येताना दोन्ही ठेकेदारांच्या उरलेल्या स्लिपा, आधार, पासबुक आणि दीपालीचा आधार घेऊन ये. दोन क्रमांकांचा अर्ज आपण इथं बसून लिहू, मी मसुदा करून ठेवते.

दीपालीला आशीर्वाद. तिला म्हणावं, जिना चढताना जपून.

तुझी,
आई

ता. क. : जुन्या ठेकेदाराकडच्या हजेरी कार्डाचा तू मोबाइलवर काढलेला फोटो पुसू नकोस. मला पाठव, मी छापून घेते.