आधी मोरी, मग डांबर

वादळानंतर पडलेली झाडे हटवणे आणि वीज-पाणी सुरू करणे हे प्रशासनाचे पहिले काम, यात वादच नाही. सफाई कामगार आणि वायरमन जीव धोक्यात घालून ते करतात, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. माझा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या डांबरीकरणाच्या घाईला.

रस्ता वरून उखडलेला दिसतो, पण खरा बिघाड खाली असतो. तुंबलेले पाणी भेगांतून खडीच्या थरात शिरते, बारीक माती वाहून नेते आणि आतली पकड सुटते. अशा ओल्या, पोकळ थरावर डांबराचा लेप दिला की पहिल्या अवजड वाहतुकीतच तो खचतो. म्हणून आधी रस्त्याखालून पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्यांच्या तोंडाशी अडकलेल्या फांद्या, प्लास्टिक आणि गाळ काढा, भिजलेला थर उकरून नवी खडी टाका, रोलरने नीट दाबा. जिथे मोरीच अपुरी पडली, तिथे त्याच मापाची पुन्हा बसवणे म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय आहे.

शाळेचे छप्पर, दवाखान्याकडे जाणारा रस्ता आणि सार्वजनिक शौचालये यांचा क्रम हमरस्ता गुळगुळीत करण्याआधी लागला पाहिजे. प्रत्येक कामाच्या जागी ठेकेदार, खर्च आणि दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत) लिहिलेला फलक लावावा. त्या मुदतीत रस्ता खचला, तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने करून घ्या, ही मागणी मग नागरिकांना ठामपणे करता येईल.

– एक वाचक