नेवरी बंद, जॅम-पाव चालू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या डब्यात मुलांना गोड द्यावं का नको, ह्यावरनं आमच्याकडे फोंड्यात पालकांची जी काय जुंपलीय ती बघून हे पत्र लिहितोय. शाळेचं नाव मुद्दामच देत नाही, हे एकाच शाळेत चाललंय असं मला तरी वाटत नाही. पालक सभेत ठराव आला की डब्यात गोड अजिबात नको आणि टीचरनी रोज डबे उघडून बघायचे. झालं, अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्धे तावातावाने उठले, आमच्या पोरांनी काय खायचं ते तुम्ही कोण ठरवणार म्हणून. एक आजी म्हणाल्या, आम्ही गूळ-खोबरं खाऊनच वाढलो, आम्हाला काय झालं? त्यांच्या शेजारीच बसलेल्या सूनबाई गप्प होत्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी साखर कमी करा म्हणणाऱ्यांतलाच, हे आधीच सांगतो. 2023 मध्ये आयसीएमआरचा (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा मधुमेहाचा अभ्यास आला त्यात गोवा सगळ्यात वर, 26.4 टक्के. म्हणजे वीस वर्षांवरच्या दर चार माणसांत एकाला डायबिटीस, आणि देशाचा आकडा 11.4. आता डब्यात लाडू दिला म्हणून पोराला लगेच डायबिटीस होतो असं नाही, त्यात वजन आहे, बसून राहणं आहे, घराण्यात असणं आहे, पण गोडाची सवय लहानपणीच लागते आणि दात तर आत्ताच किडतात, त्याला वीस वर्षं थांबावं लागत नाही.

पण गोड म्हणजे नक्की काय, हे सभेत कुणीच विचारलं नाही आणि सगळा घोळ तिथेच आहे. गणेशचवथीनंतरच्या आठवड्यात एका मुलीच्या डब्यात दोन नेवऱ्या (म्हणजे आपल्या करंज्याच) होत्या, टीचरनी त्या बाजूला काढून ठेवल्या, घरी जाऊन खा म्हणाल्या. ती मुलगी अख्खी मधली सुट्टी नुसता डबा उघडझाक करत बसली. तिच्याच बाकावरच्या मुलाने जॅम लावलेला पाव आणि ज्यूसचं पाकीट आणलेलं, ते मात्र चाललं, कारण जॅम-पाव म्हणजे नाश्ता आणि ज्यूस म्हणजे फळ! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जरा पाकिटं उलटी करून वाचा हो. क्रीमच्या बऱ्याच बिस्किटांत 100 ग्रॅमला 30 ग्रॅमच्या पुढे साखर असते, टोमॅटो केचपला आपण तिखट-आंबट समजतो त्यात पण 20 ग्रॅमच्या वर सापडेल. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी हेल्थ ड्रिंक म्हणून विकू नका असं केंद्र सरकारने 2024 मध्ये ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना कळवलं, तरी घराघरात त्या शक्तीसाठीच घेतल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांखाली ठेवा आणि जमलं तर 5 टक्क्यांखाली. सात-आठ वर्षांच्या पोराचा हिशोब केला तर 10 टक्के म्हणजे जेमतेम 40 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 20, चमच्याने मोजलं तर चार-पाच चमचे. सकाळच्या दुधातच त्यातले दोन संपतात.

आणि गूळवाल्या पालकांनाही सांगतो (आमच्या घरातही आहेत, म्हणून दबकतच). ह्या हिशोबात गूळ, मध, गाळलेला रस सगळं साखरेतच धरलंय, माडाचा गूळ असला तरी. अख्खं फळ आणि साधं दूध तेवढं बाहेर. पण म्हणून पातोळी आणि क्रीमचं बिस्कीट एकाच मापाने मोजायचं का? पातोळी हळदीच्या पानात वाफवायची, ती श्रावण-भाद्रपदात ती पानं मिळतात तेव्हाच होते, खाजं जत्रेला जाल तेव्हा घरी येतं. बिस्कीट बारा महिने तेरा काळ कपाटात असतं, खरा फरक हा आहे.

डबे तपासायला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणाने. आमच्या घरी डबा मी भरतो, बायकोची ड्युटी शिफ्टची, आणि पहाटे उठून भाजी नि चपाती करायची तर कसरत काय असते ते मला माहितीय. ज्या आईला सकाळची पणजीची बस धरायची असते ती एखाद दिवशी बिस्किटाचा पुडा देणारच, तिच्या पोराचा डबा चार पोरांसमोर उघडून काय साधणार? दुसऱ्या दिवशी ते पोर डबाच आणणार नाही, नाहीतर लपवून खायला शिकेल.

त्यापेक्षा शाळेच्या स्वतःच्या हातात आहे ते करा ना. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाच्या वाढदिवसाला सगळ्यांना चॉकलेट, शिवाय उत्तर बरोबर आलं की टीचरकडूनच टॉफी. ही साखर कुठल्याच आईने डब्यात घातलेली नसते! आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमाप्रमाणे जास्त साखर-मीठ-तेलाच्या वस्तू शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे, तरी शाळा सुटली की रंगीत पेप्सीकांड्यांभोवती ही गर्दी असते, तिथे कोणी पट्टी घेऊन मोजायला जात नाही. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांनाच दिसावं म्हणून. आपल्या मराठी शाळांना तसा फळा लावायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि पाकिटं आणून पोरांनीच तो भरला तर गणिताचा एक तास पण होईल.

तेव्हा पुढच्या सभेत डबा तपासणीचा ठराव बाजूला ठेवून आधी वाढदिवसाच्या चॉकलेटचा विषय घ्यावा अशी विनंती. आम्ही काही पालक त्याऐवजी वर्गाच्या वाचनपेटीला एकेक पुस्तक द्यायला तयार आहोत, आणि गेटवरच्या गाड्याबद्दल अर्ज द्यायचा झाला तर पहिली सही मी करतो.

आपला,
एक पालक, फोंडा