इंदूरच्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सादर नमस्कार.

खरं तर हे घरी येऊन सांगायचं. पण तुम्ही जे शिकवलंत ते टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या टेस्ट कधी पास व्हायच्या, कधी फेल; कोड मात्र तोच. अपेक्षित जेसन (नाव-किंमत जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) आणि आलेलं जेसन आम्ही नुसता मजकूर म्हणून ताडत होतो. रामबागेतल्या तुमच्या घरी तुम्ही ते उलगडून दाखवलंत. जेसनच्या ऑब्जेक्टमध्ये कीजना, म्हणजे फील्डांच्या नावांना, क्रम नसतो, अ‍ॅरेला, म्हणजे यादीला, असतो. आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकातच तसं म्हटलंय. 'ग्राहक' आधी आला काय नि 'रक्कम' आधी आली काय, बिल तेच. म्हणून आधी पार्स करायचं, म्हणजे मजकुरातून फील्डं वेगळी काढायची, मग तुलना.

एवढं कुणीही सांगितलं असतं. तुम्ही मात्र पुढचं विचारलंत: या यादीत क्रमाला अर्थ आहे का? बिलातल्या ओळी ग्राहकाला त्याच क्रमाने दिसायला हव्यात. बिलाला लावलेले टॅग (खुणेचे शब्द) कसेही आले तरी चालतात. तेव्हा आम्ही जेसनची तुलना करणारी लायब्ररी जेसनअ‍ॅसर्ट सरसकट लीनियंट, म्हणजे सैल, मोडवर टाकायला निघालो होतो. त्यात क्रमाबरोबर जादा आलेली फील्डंही खपून जातात, हे तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलंत. क्रम सोडून जादा फील्डं मात्र पकडायची असतील तर नॉन-एक्स्टेन्सिबल मोड आहे; तो सगळ्याच याद्यांचा क्रम सोडतो, म्हणून बिलातल्या ओळींचा क्रम वेगळा तपासायचा. तो नसता कळला, तर ग्राहकाचा फोन नंबर चुकून रिस्पॉन्समध्ये (सर्व्हरच्या उत्तरात) गेला असता तरी टेस्ट पासच झाली असती!

आकड्यांचंही तसंच. जावा भाषेत दशांश आकड्यांसाठी असलेल्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० इक्वल्स या तुलनेला वेगळे वाटतात, कम्पेअरटू या तुलनेला सारखे.

आणि 'कऱ्हाड'! पडद्यावर दोन्हीकडे तंतोतंत सारखं, तरी टेस्ट फेल. एकीकडे 'ऱ' हा युनिकोडचा (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) एकच कोडपॉइंट, म्हणजे एकच क्रमांक, होता, दुसरीकडे 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) वेगवेगळे. दोन्ही बाजू एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरलेल्या जोडरूपात, आणल्या की जुळतात. पण तुम्ही ते टेस्टमध्ये करू दिलं नाहीत. डेटाबेसमध्ये दोन्ही रूपं राहिली तर दुकानदाराने गाव शोधल्यावर निम्मी बिलं सापडणार नाहीत, म्हणून डेटा साठवतानाच एनएफसी करायला लावलंत. टेस्ट हिरवी करण्यापेक्षा तुम्हाला त्या दुकानदाराची काळजी जास्त होती, आणि त्यासाठी मी मनापासून ऋणी आहे.

आता टेस्ट फेल झाली की कुठल्या ओळीतलं कुठलं फील्ड वेगळं आहे ते थेट दिसतं. टीममध्ये नवीन आलेली मुलंही ते वाचून स्वतः दुरुस्ती करतात.

फील्ड नल (रिकामं) असणं आणि फील्डच नसणं, हे एकच धरायचं का, यावर आमचं अजून एकमत नाही. तो प्रश्न घेऊन रविवारी येतो.

तुमचा,
धाकटा सहकारी
इंदूर