मंत्रीसाहेब, ते टेबल कुलपातून बाहेर काढा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, मेडिकलच्या मुलांना शिकवते. त्यासाठी लागणाऱ्या डिजिटल साधनांच्या खरेदीची फाईल तुमच्या टेबलावर येतच असते, सही करायच्या आधी एवढं वाचा ही विनंती.

रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह घ्या, स्वरयंत्राला जाणारी नस. डावी महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवी सबक्लेव्हियन आर्टरीखालून, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून, हे मी फळ्यावर कितीही रंगीत खडूंनी काढलं तरी मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परवा एका मुलीने टॅबवर थ्रीडी मॉडेल घेतलं, आधी स्टर्नम, म्हणजे छातीचं मधलं हाड, काढलं, मग फुप्फुसं, हृदय थोडं फिकं केलं आणि सगळंच मागच्या बाजूने फिरवलं, तेव्हा तिला डावी नर्व्ह छातीत उतरून वळसा घालून परत गळ्याकडे जाताना दिसली आणि ती पटकन म्हणाली, मॅडम, मग छातीत गाठ झाली तर आवाज बसेल का? बसतो. पण हे मी तोवर सांगितलंच नव्हतं हो!

ती हे विचारू शकली कारण मॉडेल तिच्या हातात होतं. मी एका ठिकाणी महागडं टच टेबल, म्हणजे असं मॉडेल दाखवणारा टेबलाएवढा स्क्रीन, कुलपात बघितलंय, पाहुणे आले की उघडायचे, आणि वर्ग घेतला तरी सर एकटेच फिरवणार नि सगळी मुलं मागून माना वर करून बघणार. त्यात इंटरॅक्टिव्ह काय राहिलं? त्यापेक्षा साधे टॅब घ्या पण चार मुलांत एक तरी द्या, आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगचे पैसे त्याच फाईलमध्ये धरा.

आणि कृपा करून याच्या नावाखाली डिसेक्शनचे, म्हणजे खऱ्या देहाच्या विच्छेदनाचे, तास कापू नका. मॉडेलमधली प्रत्येक रक्तवाहिनी पुस्तकासारखी असते, खऱ्या देहात मात्र फांदी भलतीकडूनच निघते, आणि फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचं पातळ आवरण, सोडवताना बोटांना जे कळतं ते काचेवर कळत नाही. आधी स्क्रीनवर बघून मग डिसेक्शनच्या टेबलावर गेलेली मुलं नेमकं शोधतात, हे मी रोज बघते.

दरवेळी सॉफ्टवेअरचं महागडं लायसन्सच लागतं असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1994 मध्ये एका पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटरचे छेद घेऊन फोटो खुले केले, 1995 मध्ये स्त्रीदेहाचे, त्याहून बारीक. हा डेटा आज फुकट मिळतो. आपल्या शिक्षकांना त्यावर धडे बनवायला वेळ आणि एक प्रोग्रामर द्या, एवढंच मागतेय.

सही करण्याआधी एकदा पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला येऊन बसा. आगाऊ कळवू नका.

आपली,
ॲनाटॉमीची एक शिक्षिका