सुनीताबाईंच्या टेपा वाचवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सुनीता देशपांडे यांचा जन्म ३ जुलै १९२६ चा. शताब्दी म्हटली की पुरस्कार, सभागृहाला नाव, टपाल तिकीट अशा सूचना आपल्या टेबलावर येतातच. ध्वनिमुद्रणे आणि हस्तलिखिते जतन करण्याचे काम करणारे आम्ही काहीजण आपल्याकडे वेगळीच मागणी करत आहोत: त्यांचा आवाज आणि त्यांचे कागद नासण्याआधी वाचवा.

सुनीताबाईंची ओळख बहुतेक ठिकाणी ‘पु. लं.च्या पत्नी’ एवढ्यावर थांबते. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही रत्नागिरीची मुलगी १९४८ च्या ‘वंदे मातरम्’ चित्रपटात पु. लं.सोबत पडद्यावर होती. ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये त्या रंगमंचावर होत्या आणि पडद्यामागचा सगळा हिशेबही त्याच पाहत होत्या. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा मराठी घरांत वादळ उठले. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. त्याच तारखेला, ५४ वर्षांपूर्वी, दोघांचे लग्न झाले होते. पु. ल. गेल्यानंतरच्या नऊ वर्षांत ‘मण्यांची माळ’ आणि ‘प्रिय जी. ए.’ ही पुस्तके आली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मुलांच्या विज्ञानकेंद्राची ‘पुलस्त्य’ ही वास्तू उभी राहिली. ७ नोव्हेंबर २००९ रोजी त्या गेल्या.

पुस्तकांची चिंता नाही, ती पुन्हा छापता येतात. चिंता आहे ती कवितावाचनांची. मर्ढेकर, बोरकर, आरती प्रभू यांच्या कविता सुनीताबाई आणि पु. ल. यांनी रसिकांपुढे वाचल्या. ते वाचन म्हणजे मराठी कविता मोठ्याने कशी म्हणावी याचा वस्तुपाठच. अशा कार्यक्रमांची मुद्रणे चुंबकीय फितीवर झाली. सरकारी संग्रह, संस्थांची कपाटे आणि रसिकांच्या घरचे माळे अशी ती विखुरलेली असतात.

फीत कशी मरते हे थोडक्यात सांगतो, कारण निविदेतल्या चुका इथूनच सुरू होतात. फितीवर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी एका चिकट थराने बसवलेली असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच पॉलिस्टर फितींचा हा थर हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. तशी फीत यंत्रावर चढवली की ती किंचाळते, हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल जमतो आणि त्या चिखलात आवाजच निघून गेलेला असतो. म्हणून ‘आधी वाजवून बघू, मग ठरवू’ हे कुणालाही करू देऊ नका. अशी फीत सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित भट्टीत किमान आठ तास, रुंद असेल तर त्याहून जास्त वेळ, शेकवावी लागते. मग ती काही आठवडे नीट वाजते. तेवढ्यात तिचे डिजिटल रूपांतर उरकायचे. मात्र साठच्या दशकातली किंवा त्याआधीची फीत अॅसिटेटची असू शकते. तिला व्हिनेगरसारखा वास येतो, उजेडापुढे धरली तर गुंडाळी अर्धपारदर्शक दिसते. ती चुकूनही शेकवायची नाही, वाकडी होऊन कायमची जाते. दोन्ही प्रकारच्या फितींचे काम एकाच ‘पॅकेज’मध्ये एकाच दराने घेणारा ठेकेदार निम्मा संग्रह गमावून बसेल.

रूपांतर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्येच व्हावे. स्टिरिओच्या एका तासाला साधारण २ जीबी जागा लागते, म्हणजे ५०० तासांचा संग्रह सुमारे १ टीबीत मावतो. एमपी३ ही ऐकवण्याची प्रत, जतनाची नव्हे. प्रत्येक फितीसाठी हेडचा कोन नव्याने जुळवावा लागतो. तो चुकला की स, श, च यांची धार जाते आणि कवितावाचनात तीच तर हवी असते. वेगाचाही प्रश्न असतो. यंत्र जलद किंवा हळू चालले असेल तर सुनीताबाईंचा आवाज भलताच पातळ किंवा जड ऐकू येतो. मुद्रणात विजेची ५० हर्ट्झची घरघर सापडली तर ती मोजून मूळ वेग ठरवता येतो. म्हणूनच मूळ प्रतीतली घरघर, खोकला, टाळ्या यांतले काहीही ‘स्वच्छ’ करू नये, अशी अट कंत्राटात लिहावी. पु. लं.च्या वाक्यानंतर सभागृह किती वेळ हसले हाही इतिहास आहे.

आता जागा. प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आपल्याच विभागाची, आणि पुराभिलेख संचालनालयही. अकादमी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. संग्रहाच्या खोलीत तापमान २० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. कार्यालय सुटले की वातानुकूलन बंद, ही पद्धत इथे घातक आहे. रोज रात्री खोली तापली आणि सकाळी गार झाली की ओल फितीत आणि कागदात शिरते. अखंड वातानुकूलनासाठी विजेची वेगळी तरतूद होणार नसेल तर मूळ फिती तिथे न ठेवलेल्या बऱ्या.

कागदांसाठी लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, डांबरगोळ्याही नकोत. गंजलेल्या टाचण्या काढून पाने आम्लरहित पाकिटांत ठेवावीत. पत्रांची पाकिटे फेकू नयेत. तारीख नसलेल्या पत्राचा काळ टपालाच्या शिक्क्यावरूनच कळतो.

हक्कांचे काम मात्र सर्वांत आधी सुरू करावे, कारण तेच सर्वांत जास्त वेळ खाते. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतात: पु. लं.चे २०६० अखेरपर्यंत, सुनीताबाईंचे २०६९ अखेरपर्यंत. मर्ढेकरांच्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. आरती प्रभूंसाठी २०३६ आणि बोरकरांसाठी २०४४ अखेरपर्यंत परवानगी लागेल. त्याखेरीज सादरकर्त्यांचा ५० वर्षांचा हक्क आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क वेगळा. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. परवानगी आणि मानधन याबाबत सुनीताबाई किती काटेकोर होत्या हे अख्ख्या नाट्यव्यवसायाला ठाऊक आहे. त्यांच्याच आवाजाच्या बाबतीत सरकारने गृहीत धरून चालावे, हे आम्हाला सहन होणार नाही. तरीही परवानग्या येईपर्यंत जतन थांबवण्याचे कारण नाही. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

नोंदींबद्दल एक आग्रह. सूचीत ‘पु. ल. व इतर’ अशी नोंद करू नका. वाचक म्हणून सुनीता देशपांडे हे नाव स्वतंत्र रकान्यात हवे, कवी आणि कवितेच्या पहिल्या ओळीसह. तसे नसेल तर त्यांचा आवाज फाइलमध्ये असूनही शोधणाऱ्याला मिळणार नाही.

आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसारभारतीकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. तिथल्या फितींसाठी राज्याने लेखी करार करावा लागेल. त्या काळी फिती महाग म्हणून जुन्यावर नवे मुद्रण करण्याची पद्धत होती, त्यामुळे काय शिल्लक आहे याची यादी आधी मागवावी. रसिकांना आवाहन करताना ‘फीत वाजवून पाहू नका, आहे तशी आणा’ हे वाक्य ठळक छापावे, आणि मूळ फीत परत मिळेल अशी सहीची पावती द्यावी. पावती नसेल तर कुणीही माळ्यावरचा डबा उघडणार नाही.

पहिला टप्पा म्हणून एक स्पूल यंत्र, दोन कॅसेट डेक, एक भट्टी, दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक सूचीकार एवढे मंजूर करा. डिजिटल फाइलींच्या तीन प्रती, त्यांतली एक मुंबईबाहेर. पावसाळ्यापूर्वी शासन निर्णय निघाला तर पहिली खेप ओल लागण्याआधी हातात येईल.

आपले,
ध्वनी व हस्तलिखित जतनाचे काम करणारे काहीजण